अगं, जरा धर

पलंगाबरोबर जे पत्रक येतं, त्याच्या पहिल्या पानावर दोन चित्रं असतात. एकात एकटा माणूस फळ्यांच्या ढिगाशेजारी उभा असतो आणि त्याच्यावर भलीमोठी फुली मारलेली असते. दुसऱ्यात दोन माणसं असतात, फुली नसते, आणि दोघंही हसत असतात. पलंग एकट्यानं जोडू नये एवढंच त्या बिचाऱ्या पत्रकाला सांगायचं आहे, आणि ते मला मान्य आहे. पण त्या दोघांचं हसू पाहून चित्रकाराचं लग्न अजून व्हायचं असावं, अशी माझी खात्री झाली.

पत्रकात शब्द एकही नसतो. दहा देशांत दहा भाषा छापण्यापेक्षा चित्रं स्वस्त पडतात, हे त्यामागचं व्यवहारज्ञान. त्यामुळे ‘इथे चुकू नका’ हेही फुलीनं सांगायचं, ‘जोर लावू नका’ हेही फुलीनं, आणि ‘हातोडी वापरू नका’ यालाही फुलीच. पण पलंग जोडताना घरात सर्वांत जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य त्या पत्रकात कुठंच नाही. ते वाक्य म्हणजे, ‘अगं, जरा धर.’

चित्रातली ती दोन माणसं सारखीच दिसत असली तरी त्यांची कामं सारखी नसतात. एक असतो आवळणारा आणि दुसरा असतो धरणारा. मी जन्मजात धरणारी. वडील फ्यूजची तार बदलायचे तेव्हा कंदील मी धरलेला. आई लोकरीचे गुंडे करायची तेव्हा लडी माझ्या दोन्ही हातांत, आणि लडी संपेपर्यंत नाकावर माशी बसली तरी हात हलवायचा नाही. चादरींच्या, नऊवारींच्या घड्या घालताना दुसरं टोक माझ्याकडं. अशी शिदोरी घेऊन सासरी आल्यावर पलंग जोडताना माझी नेमणूक कुठल्या खात्यात होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

हा पलंग आमच्या सासूबाईंसाठी होता. त्यांचा आधीचा बॉक्सचा पलंग फार बुटका. दुखऱ्या गुडघ्यांना तेवढ्या खालून उठायचं म्हणजे रोज सकाळी एक डोंगर चढायचा. शिवाय त्या पलंगाच्या पोटात तीन पिढ्यांच्या रजया, पितळेची पातेली, कुणाकुणाच्या लग्नातले न वापरलेले आहेर आणि ‘कधीतरी लागेल’ या नावाखाली जमलेलं बरंच काही होतं. त्यामुळे तो हलवायचा विचारही कुणी करत नसे. मुलगा नोकरीला बेंगळुरूला गेल्यावर त्याची खोली मोकळी झाली. त्यानंच तिकडून मोबाइलवर बोटं फिरवून आजीसाठी शिशमचा पलंग पाठवला. साडेसहा बाय चारचा. आजी झोपेल आणि सुट्टीत आलेली पणती शेजारी मावेल, असा हिशोब.

आले ते तीन खोके. चपटे, जड, आणि कुठूनही पलंग वाटणार नाहीत असे. सासूबाई खुर्ची टाकून बसल्याच होत्या.

“पलंग कुठंय?”

“हा काय, यातच आहे.”

“मग सुतार कधी येणार?”

“सुतार नाही आई. आपणच जोडायचा.”

सासूबाईंनी क्षणभर खोक्यांकडं, मग आपल्या सत्तरीला टेकलेल्या मुलाकडं पाहिलं आणि विचारलं, “मग पैसे कामून दिले?”

या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आमचे हे निवृत्त गणिताचे शिक्षक. पत्रकातल्या भागांना ए, बी, सी अशी अक्षरं दिलेली पाहून त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी सगळे भाग जमिनीवर मांडले, स्क्रू-बोल्टची पुडी फोडून नग मोजले आणि ‘दिलेले’ आणि ‘सिद्ध करा’ अशा थाटात चष्मा पुसला. पुडीत लांबच लांब बोल्ट होते, वॉशर होते, लाकडी खुंट्या होत्या, जाड गोळ्यांएवढे आडवे नट होते आणि एक वाकडी, सहा बाजूंची एलन-की होती. एवढ्या अवाढव्य पलंगाला एवढीशी किल्ली! तिचा दांडा आखूड असतो तो एका परीनं बराच. दांडा लांब असला की हात वाट्टेल तेवढा जोर लावतो, आणि मग आटे जातात नाहीतर लाकूड तडकतं.

त्या आडव्या नटाची गंमत धरणाऱ्यालाच कळते. पलंगाच्या लांब पट्टीत आतल्या बाजूनं एक भोक असतं, त्यात हा नट उतरवायचा. पट्टीच्या टोकाकडून दुसरं भोक येतं, त्यातून बोल्ट शिरतो आणि आत अंधारात नटाला गाठतो. नट जरा जरी फिरलेला असला तरी दोघांची भेट होत नाही. म्हणून नटाच्या डोक्यावर एक खाच असते. आतलं आट्यांचं भोक कोणत्या दिशेला आहे, हे ती खाच दाखवते. ती पट्टीच्या लांबीला समांतर ठेवायची, इतकंच. हे पत्रकात एका इवल्याशा गोलात दाखवलेलं होतं, आणि ह्यांनी तो गोल ‘नंतर बघू’ म्हणून सोडला होता. हे बोल्ट फिरवत राहिले, बोल्ट रिकामा फिरत राहिला. मी दुसऱ्या टोकाला पट्टी धरून वाकलेली, नट माझ्या डोळ्यांसमोर. पेचकसाच्या टोकानं तो किंचित फिरवला आणि माझ्या तळहाताला पट्टीतून एक बारीकसा ठोका लागला. बोल्ट बसला होता.

“हां! झालं बघ,” हे म्हणाले. “जोर थोडा कमी पडत होता.”

मी काही बोलले नाही. धरणाऱ्यानं बोलायचं नसतं. त्यानं फक्त ‘हलवू नकोस’ हे ऐकून घ्यायचं असतं, तेही तो मुळीच हलवत नसताना. मात्र धरणाऱ्याला एक सवड मिळते जी आवळणाऱ्याच्या नशिबी नाही. त्याला इकडंतिकडं बघता येतं. पट्टी धरल्या धरल्या मला पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसली, छताच्या कोपऱ्यातली ओल दिसली, मुलानं बारावीत भिंतीवर चिकटवलेलं आणि नंतर घाईघाईनं लपवलेलं वेळापत्रक कपाटामागून डोकावताना दिसलं. त्या दुपारी त्या खोलीची मला जेवढी माहिती झाली तेवढी इतक्या वर्षांच्या झाडलोटीत झाली नव्हती.

दोन्ही लांब पट्ट्या उशाच्या आणि पायथ्याच्या भागाला लागल्या. पलंगाचा आकार दिसू लागला. ह्यांनी दोन पावलं मागं जाऊन कौतुकानं पाहिलं. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, “ती बारकी पट्टी बाहेरच्या अंगाला कामून हाय रे? फळ्या काय माझ्या हातावर ठेवणार?”

खरंच, फळ्या ज्यांवर टेकायच्या त्या आधारपट्ट्या दोन्हीकडं बाहेर आल्या होत्या. डावी पट्टी उजवीकडं आणि उजवी डावीकडं गेली की असं होतं. ह्यांनी पत्रक सरळ धरलं, आडवं धरलं, उलटं धरलं, आणि शेवटी ‘चित्र जरा संदिग्ध आहे’ असा निकाल देऊन बोल्ट सोडवायला घेतले. मी पुन्हा धरलं.

चित्रातल्या फुलीचा धाक वाटत नाही, हाच या पत्रकांचा दोष आहे. चुकलं तर काय होईल, हे ती सांगत नाहीत. वराहमिहिरानं ते सांगून ठेवलं होतं. सहाव्या शतकातल्या या उज्जैनच्या पंडितानं ‘बृहत्संहिते’त ग्रह, पाऊस, भूकंप, रत्नं असं सगळं लिहिताना पलंगांसाठीही एक अख्खा अध्याय राखून ठेवला. पलंगाचा पाय लाकडाच्या शेंड्याकडची बाजू खाली करून, म्हणजे उलटा, बसवला तर काय होतं याची त्यानं चढत्या क्रमानं यादीच दिली आहे. एक पाय उलटा लागला तर मालकाच्या पायाला व्यंग येतं. दोन उलटे लागले तर अन्न पचत नाही. तीन किंवा चारही उलटे लागले तर क्लेश, वध आणि बंधन. आजच्या पत्रकात अशी तीन वाक्यं घातली तर आधारपट्टी बाहेरच्या बाजूला लावायची कुणाची छाती होईल?

हा पंडित लाकडाच्या बाबतीतही काटेकोर. असन, चंदन, देवदार, शाल, साग, शिसवाच्या जातीतला शिंशपा ही झाडं त्याला पलंगासाठी पसंत. पण विजेनं, पुरानं, वाऱ्यानं किंवा हत्तीनं पाडलेलं झाड नको, मधमाश्यांचं पोळं किंवा पाखरांचं घरटं असलेलं नको, स्मशानातलं नको, वाटेवरचं नको, वेलींनी वेढलेलं नको. मी हे ह्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “आपला शिशमच आहे ना? मग झालं.” सासूबाईंना मात्र शंका होती. त्यांनी बोटाच्या पेरानं पट्टीवर टकटक केली, कान दिला आणि म्हणाल्या, “सागवान नाही हे.” ते कुणी म्हटलंच नव्हतं, पण त्या पिढीत लाकडाच्या दोनच जाती, सागवान आणि सागवान नसलेलं.

मला त्या अध्यायातला सर्वांत आवडलेला भाग मापांचा. राजाचा पलंग शंभर अंगुळं लांब, राजपुत्राचा नव्वद, मंत्र्याचा चौऱ्याऐंशी, सेनापतीचा अठ्ठ्याहत्तर आणि पुरोहिताचा बहात्तर. आता गादीच्या दुकानात जा. लांबी कोणती हवी म्हणून विचारलं की दुकानदार म्हणतो, बहात्तर घ्या नाहीतर अठ्ठ्याहत्तर. म्हणजे वराहमिहिराच्या हिशोबात आपण सगळे एक तर पुरोहित, नाहीतर सेनापती. आमच्या सासूबाईंच्या वाट्याला अठ्ठ्याहत्तर आले, आणि घराचा एकूण कारभार बघता ते योग्यच झालं. फरक इतकाच की आपले आकडे इंचांचे. अंगुळ म्हणजे आठ जव शेजारीशेजारी मांडले की भरणारी रुंदी, साधारण पाऊण इंच. त्या मापानं राजा सव्वासहा फुटांवर ऐसपैस पसरत असेल. पण सेनापतीचा पलंग पाच फुटांचाही भरत नाही, आणि पुरोहितबुवा तर साडेचार फुटांवर गुडघे पोटाशी घेऊनच निजत असणार. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण उगीच काटकसरीशी जोडतो. तेव्हा तो हुद्द्याचा प्रश्न होता.

तर आमचा सेनापतीचा पलंग चारी बाजूंनी उभा राहिला, आणि डगमगू लागला. आवळण्याआधी सगळे बोल्ट नुसते अडकवून सैल ठेवायचे असतात, ते ह्यांनी या वेळी बरोबर केलं होतं. एक कोपरा आधीच गच्च आवळला तर शेवटच्या कोपऱ्यात भोकासमोर भोक येत नाही. पण सैल चौकट काटकोनात आहे की नाही, हे कळणार कसं? इथं गणिताचे मास्तर खुलले. त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की त्याचे कोन बदलत नाहीत, चौकोनाचं तसं नाही, तो बाजू तेवढ्याच ठेवून कलंडू शकतो. म्हणून दोन्ही कर्ण मोजायचे, ते सारखे भरले की कोन काटकोन. हे त्यांनी मला, पट्टीला आणि पंख्याला समजावून सांगितलं. मग मोजायची टेप शोधली. ती सापडली नाही. शिवणाच्या डब्यातली टेप आणली तर ती साठ इंचांवर संपली. कर्ण होता साडेसात फुटांच्या वर. साठ इंचांवर बोट ठेवायचं, तिथून पुढं मोजायचं, बोट सरकलं की पुन्हा पहिल्यापासून. ह्यांनी कागद-पेन्सिल मागवली.

“दोरी घ्या की,” सासूबाई म्हणाल्या. “मोजता कशाला? या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ताणा, गाठ मारा. मग तीच दोरी दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावा.”

वाळवणाची दोरी आली. एक टोक ह्यांच्याकडं, एक माझ्याकडं. दुसऱ्या कर्णाला गाठ दोन बोटं अलीकडं राहिली. लांब पडणाऱ्या कोपऱ्याला ह्यांनी गुडघ्यानं हलकं रेटलं, दोन्हीकडं दोरी पुन्हा लावून पाहिली, आणि शेवटी ती दोन्ही कर्णांना सारखीच भरली. एकही आकडा न लिहिता पलंग काटकोनात बसला. ह्यांनी कागद-पेन्सिल खिशात ठेवली आणि ‘तत्त्व तेच आहे’ म्हणाले.

सासूबाईंना हे कुठून माहीत? तर बाजेवरून. त्यांचं माहेर परभणीकडचं. तिथं पलंग जोडत नसत, बाज विणत. बाभळीचे चार खूर, त्यांच्या खाचांत बसवलेले चार दांडे आणि अंबाडीच्या वाखाची दोरी. नुसती चौकट तेव्हाही अशीच कलंडायची. दोरी विणायला घेण्याआधी ती नीट करून घेतली नाही तर आख्खी वीण तिरकी जायची आणि झोपणारा रात्रभर एका बाजूला घरंगळायचा. विणायलाही दोघं लागत. एकानं दोरी ओवून द्यायची, दुसऱ्यानं ताणून धरायची. सैल धरली तर बाजेची झोळी होते. सासूबाई लहानपणी ताणून धरणाऱ्यांत होत्या, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही एकाच खात्यातल्या निघालो.

बाज विणून झाली की पायथ्याशी थोडी जागा रिकामी ठेवत आणि तिथं ताणाची वेगळी दोरी घालत. वापरून वापरून वीण लोंबली की तेवढी एक दोरी ओढली, बाज पुन्हा ताठ. इतकी सोपी दुरुस्ती आपल्या गाद्यांना अजून जमलेली नाही. उन्हाळ्यात बाज अंगणात आपटायची, खाचांत कढत पाणी ओतायचं आणि ढेकणांची एक पिढी नष्ट करायची, हाही कार्यक्रम असे. सासूबाई तो इतक्या रंगून सांगतात की ढेकूण नसल्याचं वाईट वाटावं.

माझं आजोळ पुण्यातल्या वाड्यातलं. तिथली तऱ्हा आणखी वेगळी. जिना इतका अरुंद की गादीसुद्धा सुरळी करून डोक्यावरून न्यावी लागे, पलंग कुठला चढणार? म्हणून सुतारच वर चढायचा. करवत, रंधा, पटाशी, गुण्या घेऊन तो खोलीत मुक्काम ठोकायचा आणि पलंग तिथंच तयार व्हायचा. एकही खिळा न वापरता, एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात ठोकून बसवलेलं. मामांचा तो पलंग खोलीतच जन्मला, आणि वाडा पाडायची वेळ आली तेव्हा बाहेर निघेना. शेवटी खिडकीचे गज काढून दोरांनी बांधून खाली सोडला. गल्ली बघायला जमली होती.

अशा न हलणाऱ्या पलंगांचा मूळपुरुष ग्रीकांच्या महाकाव्यात आहे. ओडिसियसनं अंगणातल्या जिवंत ऑलिव्हच्या झाडाभोवतीच खोली बांधली आणि त्या झाडाच्या बुंध्याचा पलंगाचा खांब केला. मुळं जमिनीत तशीच. वीस वर्षांनी तो घरी परतला तेव्हा हाच आपला नवरा कशावरून, असा प्रश्न पेनेलपीला पडला. तिनं सहज दासीला सांगितलं, तो पलंग जरा खोलीबाहेर काढून ह्यांना अंथरूण घाल. ओडिसियस उसळलाच. माझा पलंग हलवला कुणी? तो हलूच शकत नाही! झालं, तिची खात्री पटली. नवरा ओळखायची ही रीत मला फार पसंत आहे. पलंग हलवायचा म्हणावं. तो चिडला तर आपलाच.

न हलणारा पलंग आणि आमचे चपटे खोके, या दोन टोकांच्या मधे लोखंडी कॉट येते. वसतिगृहांतली, इस्पितळांतली, आणि पुण्यात तर जागा भाड्यानं देण्याच्या एका पद्धतीलाच जिनं नाव दिलं ती. ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’ अशी पाटी पुण्याबाहेरच्या माणसाला कळत नाही. खोली मिळत नाही, घर मिळत नाही, एक कॉट मिळते. कॉटवरचं सगळं तुमचं, कॉटखालचं अर्धं तुमचं, बाकी मालकीणबाईंचं. आमचा मुलगा इंजिनिअरिंगची वर्षं अशाच एका कॉटवर राहिला. तिला बोल्टसुद्धा नव्हते. बाजूच्या लोखंडी पट्ट्यांचे आकडे डोक्याकडच्या आणि पायाकडच्या चौकटींतल्या खाचांत अडकवायचे, वरून दगडानं ठोकायचं, वर प्लायवुडची फळी टाकायची. जोडायला दोन मिनिटं, आणि मग चार वर्षं कूस बदलली की करकर. लोखंड लोखंडावर घासलं की ते बोलणारच. खाचेत मेणबत्तीचं मेण चोळलं किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला तर ते गप्प बसतं, पण परीक्षेच्या आदल्या रात्रीखेरीज हे कुणाला आठवत नाही.

सुटे भाग घेऊन जाण्याची कल्पना काही काल-परवाची नव्हे. १९२२ साली सापडलेल्या इजिप्तच्या तुतनखामुन राजाच्या थडग्यात तीन घड्यांचा पलंग होता, बिजागऱ्यांसकट. व्हिएन्नाच्या थोनेट यांची १८५९ सालची १४ नंबरची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नटांत व्हायची. एक घनमीटरच्या खोक्यात सुट्या छत्तीस खुर्च्या मावायच्या आणि जगभर जायच्या. पुढं १९५६ साली स्वीडनच्या इकिआमधल्या एका माणसाला टेबल गाडीत मावेना म्हणून त्याचे पाय काढावेसे वाटले, आणि चपट्या खोक्यांचा धंदा तिथून फोफावला, अशी हकिकत ती कंपनी सांगते. कारण सगळीकडं एकच, वाहतुकीचं भाडं. जोडलेला पलंग ट्रकनं न्यायचा म्हणजे पैसे मधल्या हवेचेच द्यायचे. सासूबाईंच्या ‘पैसे कामून दिले’चं अर्धं उत्तर इथं आहे. सुताराचे पैसे वाचले ते आपले, असं आपल्याला वाटतं, आणि ट्रकमधली वाचलेली जागा कंपनीची.

मुलाची पिढी अकरा महिन्यांच्या करारावर घरं बदलते, तिला हलणारा पलंगच हवा. पण माझं ऐकाल तर असा पलंग घेताना लाकडाचं नाव विचारण्याआधी सांधा बघा. भुशाच्या दाबलेल्या फळीत नुसता स्क्रू बसवलेला असेल तर तो पहिल्यांदा छान पकडतो. काढून पुन्हा लावला की त्याच भोकात पूर्वीची पकड राहत नाही, कारण आतला भुसा मोकळा झालेला असतो. लोखंडाच्या बोल्टनं लोखंडाचा नट पकडलेला असेल तर तो पलंग पाच घरं फिरेल. जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं. तिथं उशा असतात.

आमच्या पलंगाच्या फळ्या अंथरून झाल्या, मधला आधाराचा पाय लागला, सगळे बोल्ट क्रमानं आवळून झाले. ह्यांनी कोपऱ्यावर हात ठेवून दाबलं. पलंग टक्क वाजला. दोष पलंगाचा नव्हता, जमिनीचा होता. तीन पायांची तिवई कुठल्याही जमिनीवर पक्की उभी राहते, चौथा पाय आला की फरशी किती वर-खाली बसवली आहे ते उघड होतं. उपाय सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. लग्नपत्रिका. आजकालच्या पत्रिका पुठ्ठ्याएवढ्या जाड, दोन घड्यांत काम होतं. मी ड्रॉवरमधून एक काढली, घडी घातली, आणि वाकणार तोच सासूबाई ओरडल्या, “अगं, गणपती!”

पत्रिकेवर सोनेरी गणपती होता. पायाखाली कसा ठेवणार? मग गणपती कातरून देव्हाऱ्याजवळच्या वहीत ठेवला. कुलदैवताचं नाव होतं, ते कातरलं. मोठ्यांच्या आशीर्वादांची ओळ होती, तीही सासूबाईंना पायदळी नको वाटली. उरलं ते कार्यालयाचा पत्ता आणि ‘आहेर आणू नयेत’. तेवढ्यावर पलंग आजतागायत निश्चल उभा आहे.

संध्याकाळी शेजारच्या काकू बघायला आल्या. “छान झाला हो. कुणी जोडला?”

“मीच,” हे म्हणाले. “तसं काही अवघड नसतं. हिनं थोडं धरलं.”

सासूबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. पाय जमिनीला नीट टेकतात का, उठताना गुडघा किती वाकतो, हे त्यांनी दोनदा करून पाहिलं होतं. काकूंकडं न बघता त्या म्हणाल्या, “धरलं तिनंच. ह्यानं फिरवलं नुसतं.”

तुमच्याकडं असा पलंग येणार असेल तर एवढं करा. नव्या पलंगाचे बोल्ट वापरानं थोडे सैल होतात, आणि लाकूडही पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. तेव्हा महिन्याभरानं एकदा, आणि नंतर ऋतू पालटला की एकदा, सगळे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. त्यासाठी ती वाकडी एलन-की पलंगाच्याच आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावून टाका. ‘नीट जपून’ म्हणून कुठंही ठेवू नका. आमची तशीच ठेवली आहे, आणि ती कुठं ते ह्यांना अजून आठवत नाही.